सुटी मिळाली, गुडघा अजून वाकायचाय

मिरजेतल्या कुठल्याही हाडांच्या दवाखान्यात संध्याकाळी भेटीच्या वेळेला जाऊन बसलं, की खाटेपाशी येणारा प्रत्येक पाहुणा तेच दोन प्रश्न विचारताना ऐकू येतो. 'दुखतंय का?' आणि 'सुटी कधी?' दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्या डोळ्यांदेखत बदललं. माझ्या सासूबाईंच्या थोरल्या बहिणीचा गुडघा बदलला तेव्हा त्या बारा दिवस दवाखान्यात होत्या. आम्ही सांगलीहून पाळीपाळीनं डबे पोचवायचो. आता सोमवारी ऑपरेशन झालं की गुरुवारी पेशंट गाडीत बसलेला असतो, कधी बुधवारीच.

या बदलाविरुद्ध मला तक्रार करायची नाही, हे आधीच सांगते. लवकर सुटी देणं वैद्यकीयदृष्ट्या योग्य आहे. मात्र दवाखान्यातले जे आठ दिवस कमी झाले, त्या दिवसांतलं काम कमी झालेलं नाही. ते घरी आलं आहे आणि घरी ते कोणी करायचं, कोणाच्या पैशानं करायचं, हे कोणीच ठरवलेलं नाही. गुडघा किंवा खुबा बदलण्याच्या ऑपरेशनचा हिशेब टाके घालून होईपर्यंतचा न धरता पुढच्या सहा आठवड्यांसकट धरला पाहिजे. एकच पॅकेज, एकच जबाबदारी. तसं होत नाही तोवर लवकर दिलेल्या सुटीचा भार आपण पेशंटच्या घरावर टाकत राहू.

सुटी लवकर का मिळू लागली, ते नीट समजून घ्यायला हवं, कारण 'दवाखान्याला खाट रिकामी करायची असते' एवढंच त्यामागे नाही. इंग्लंडमध्ये जॉन चार्नले यांनी १९६२ साली आधुनिक खुबारोपण रुळवलं, त्या काळात पेशंट काही आठवडे अंथरुणावर असायचा. जखम भरेपर्यंत हलायचं नाही, अशीच समजूत होती. १९९०च्या दशकात डेन्मार्कचे शल्यचिकित्सक हेन्रिक केहलेट यांनी साधा प्रश्न विचारला : हा पेशंट आज घरी का जाऊ शकत नाही? उत्तरं निघाली ती दुखणं, चक्कर, उलट्या, अशक्तपणा आणि भीती अशी. मग एकेका कारणावर उपाय होत गेले. पूर्ण भुलीऐवजी पाठीत इंजेक्शन, मांडीतल्या नसेभोवती बधिरता आणणारं औषध, रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, आणि त्याच दिवशी वॉकर धरून उभं करणं. डेन्मार्कमध्ये २०००च्या सुमारास गुडघा-खुब्याचा पेशंट दहा-अकरा दिवस दवाखान्यात असायचा, २००९पर्यंत हे चार दिवसांवर आलं. पडून राहण्यानं पायाच्या शिरेत गुठळी होते, छातीत कफ साठतो, स्नायू झिजतात. म्हणजे लवकर उठणं हाच उपचार आहे, आणि त्याबद्दल शंका घेण्याचं कारण मला दिसत नाही.

पण डेन्मार्कमधल्या पेशंटला घरी गेल्यावर नगरपालिकेची नर्स आणि फिजिओ, म्हणजे व्यायाम करून घेणारे तज्ज्ञ, असतात. ते 'चार दिवस' आपण इकडे आणले. त्या चार दिवसांच्या पलीकडे जे उभं होतं, ते तिथंच राहिलं.

माझी मावशी आटपाडी तालुक्यातल्या एका गावात राहते. वय ६८. आयुष्यभर वाकून भांगलण, खुरपणी, शेण काढणं; दोन्ही गुडघे गेलेले. उजवा गुडघा दोन वर्षांपूर्वी मिरजेत बदलला. ऑपरेशन उत्तम झालं. दुसऱ्या दिवशी ती वॉकर घेऊन खोलीच्या दारापर्यंत गेली, चौथ्या दिवशी सुटी. हातात एक कागद दिला होता, व्यायामाची चित्रं असलेला आणि सगळा इंग्रजीत. काकांनी तो नीट घडी करून देव्हाऱ्यातल्या डब्यात ठेवला. औषधांची चिठ्ठी जपतात तसा जपला, पण वाचणार कोण?

घरी गेल्यावर काय झालं, हे मी नंतर तुकड्यातुकड्यानं ऐकलं. ऑपरेशनच्या वेळी नसेभोवती दिलेलं औषध साधारण एका दिवसात उतरतं. पुढचे दोन-तीन दिवस दुखणं वर येतं, आणि सुटी लवकर मिळाली की नेमके हेच दिवस घरचे किंवा प्रवासातले असतात. मिरज ते आटपाडी ऐंशी किलोमीटरच्या पुढे, दर गतिरोधकाला मावशी ओरडत होती. घरी आल्यावर तिला वाटलं, इतकं दुखतंय म्हणजे आत काहीतरी बिघडलं. गोळ्या जास्त घेतल्या तर किडनी जाते, असं शेजारणीनं सांगितलं, म्हणून तिनं दुखण्याची गोळी दिवसातून एकच घेतली. दुखत असल्यानं पाय वाकवला नाही. गुडघ्याखाली गोधडीची घडी ठेवली की बरं वाटायचं, म्हणून दिवसरात्र ती घडी तिथंच. फिजिओला विचारलं तर तो पहिल्यांदा हेच सांगेल, की गुडघ्याखाली उशी ठेवू नका, ठेवायची तर टाचेखाली ठेवा. उशीवर विसावलेला गुडघा अर्धवट वाकलेलाच राहतो, मग तो पूर्ण सरळ होत नाही आणि माणूस लंगडतो. हे मावशीला कदाचित कोणी सांगितलंही असेल, चौथ्या दिवशीच्या गडबडीत, बिलाच्या खिडकीपाशी. तिच्या लक्षात राहिलं नाही. माझ्याही राहिलं नसतं.

भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणे, 'आता आराम कर, लई सोसलंस.' आपल्याकडे आजाऱ्याची माया करायची ती अशीच. पण बदललेल्या गुडघ्याला पहिल्या महिन्यात आराम कमी आणि काम जास्त लागतं. मांडीच्या पुढच्या स्नायूचा निम्म्याहून जास्त जोर या काळात गेलेला असतो. तो परत आणायचा तर दिवसातून तीन-चार वेळा टाच सरकवत पाय वाकवायचा, सरळ पाय उचलून धरायचा, घोटे हलवत राहायचं, आणि हे सगळं दुखत असताना करायचं. दोन आठवड्यांत गुडघा काटकोनापर्यंत यावा अशी साधारण अपेक्षा असते. सपाट चालायला ६०-७० अंश पुरतात, पायऱ्या चढा-उतरायला ९०च्या आसपास लागतात, खुर्चीतून हाताच्या आधाराशिवाय उठायला त्याहून थोडे जास्त. मावशीचा गुडघा सहाव्या आठवड्यात ६०वर अडला होता. आत दोरखंडासारखे चिकट पडदे धरले होते. पुन्हा मिरज, पुन्हा भूल, आणि भुलीत डॉक्टरांनी तो गुडघा जोरानं वाकवला. पुन्हा पैसे, पुन्हा दुखणं. आता तो ९५पर्यंत येतो. तिच्या घरापुढच्या ओट्याच्या पायऱ्या ती एकेक पाय आडवा टाकून उतरते.

त्याच महिन्यात सांगलीत माझ्या एका सहकारी शिक्षिकेचा गुडघा बदलला. तशाच प्रकारचा सांधा, जवळपास तेवढंच बिल, सुटी तर तिसऱ्याच दिवशी. विश्रामबागेत लिफ्ट असलेला फ्लॅट, घरात कमोड, मुलगी महिनाभर घरून काम करणारी, एक दिवसाआड घरी येणारा फिजिओ. एका भेटीचे ५०० रुपये. बारा भेटी झाल्या. पाचव्या आठवड्यात त्या काठी घेऊन गणपती मंदिरापर्यंत जाऊन आल्या. या दोघींत फरक शस्त्रक्रियेचा नव्हता. फरक ६,००० रुपयांचा होता, आणि जे ६,००० रुपये देऊनही आटपाडीच्या त्या गावात विकत मिळत नाही त्याचा होता. तिथून जवळचा फिजिओ तालुक्याच्या गावी. जायला गाडी ठरवायची म्हटली की दिवस मोडतो आणि हजार-बाराशे रुपये जातात. एसटीत बायकांना मार्च २०२३पासून अर्धं तिकीट आहे, ७५च्या वरच्यांना ऑगस्ट २०२२पासून मोफत प्रवास. फार चांगल्या सवलती आहेत. पण नवा गुडघा घेतलेल्या बाईनं एसटीची पहिली पायरी चढायची कशी?

आणि घरात माणूस कोण असतं, हा प्रश्न आपल्या सांगली-सातारा या दोन जिल्ह्यांत फार खोल आहे. खानापूर-आटपाडीच्या गावागावातून तरुण माणसं गलाईच्या धंद्यासाठी कोलकात्यापासून केरळपर्यंत पांगलेली आहेत. सोन्याचांदीच्या भट्ट्या तिकडे, म्हातारे आईबाप इकडे. साताऱ्यात जावळी, पाटणच्या डोंगरातल्या वाड्यांत घरटी कोणी ना कोणी मुंबईला आहे. गणपतीला आणि यात्रेला गाव भरतं, एरवी घरात दोन म्हातारी माणसं आणि एक म्हैस. तिथं गुडघा बदलून आलेल्या बाईला मोरीपर्यंत धरून नेणारा नवरा स्वतः ७५चा असतो. जिथं सून घरात आहे, तिथं सगळं सुनेवर. दवाखान्यात तीन पाळ्यांत विभागलेलं नर्स, आया आणि फिजिओचं काम ती एकटी करते, शिवाय स्वयंपाक, पोरं, धार. दवाखान्याचे आठ दिवस वाचले म्हणून जो खर्च वाचला असं आपण म्हणतो, त्यातला बराचसा या बाईच्या अंगावरून वसूल झालेला असतो. तिची मजुरी बुडाली तर ती कुठल्याही बिलात दिसत नाही.

घर म्हणजे नुसती माणसंही नव्हेत. उंबरा, सोप्याची पायरी, परसातला संडास. गावोगाव बांधलेली शौचालयं बहुतेक भारतीय बैठकीची. तिथं बसायला गुडघा १३०च्या पुढं वाकावा लागतो, जे बदललेल्या गुडघ्याला जमत नाही आणि डॉक्टर करूही देत नाहीत. खुबा बदललेल्यांचं तर आणखी अवघड. सुरुवातीच्या आठवड्यांत खाली वाकून किंवा उकिडवं बसलं तर सांधा निखळू शकतो. त्यांना 'जमिनीवर बसू नका' म्हणून सांगितलं जातं, पण जेवण, झोप, अंघोळ सगळंच जमिनीलगत असलेल्या घरात ही सूचना पाळायची कशी, ते कोणी सांगत नाही. मावशीच्या बाबतीत रक्त, लघवी, हृदयाचा आलेख, छातीचा फोटो, सगळं तपासलं होतं. घराला पायऱ्या किती, हे कोणी विचारलं नाही.

इथं एक आक्षेप येतो आणि तो दमदार आहे. काही नातेवाईक म्हणतात तसं पेशंटला दोन आठवडे दवाखान्यातच ठेवा, किंवा वेगळं पुनर्वसन केंद्र काढा, याची खरंच गरज आहे का? ऑस्ट्रेलियात याचा नीट अभ्यास झाला आणि २०१७ साली तो जामा या वैद्यकीय नियतकालिकात आला. गुडघा बदललेल्या रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाला दहा दिवस पुनर्वसनासाठी दाखल ठेवून मग घरचा कार्यक्रम दिला, दुसऱ्याला थेट घरी पाठवून फक्त घरचा कार्यक्रम. सहा महिन्यांनी दोन्ही गट सारखेच चालत होते. दाखल राहिल्यानं जास्तीचं काही मिळालं नाही. हा निष्कर्ष मला मान्य आहे आणि म्हणूनच मी खाटा वाढवा म्हणत नाही. पण अभ्यास अर्धा वाचायचा नसतो. थेट घरी गेलेल्या त्या गटाला देखरेखीखाली आखलेला, आठवडेच्या आठवडे चालणारा व्यायामाचा कार्यक्रम होता. देव्हाऱ्यातल्या डब्यात ठेवलेला इंग्रजी कागद म्हणजे तो कार्यक्रम नव्हे. घर पुरतं, हे त्या अभ्यासानं दाखवलं, पण ते पाठीशी कोणीतरी असलेलं घर.

आता पैशाचं. ऑगस्ट २०१७मध्ये केंद्र सरकारच्या औषध किंमत प्राधिकरणानं गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांना कमाल किंमत लावली. सर्रास वापरला जाणारा कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा, जो तोवर दीड लाखाच्या पुढं विकला जायचा, तो करांखेरीज ५४,७२० रुपयांवर आला. त्या एका निर्णयानं माझ्या मावशीसारख्या हजारो बायकांना ऑपरेशन शक्य झालं, याबद्दल मनापासून कृतज्ञ राहावं असा तो निर्णय होता. म्हणजे ठरवलं तर सरकार हे करू शकतं. मग धातूच्या सांध्यापर्यंत पोचलेला हात, तो सांधा वाकवायला शिकवणाऱ्या माणसापर्यंत का पोचू नये? आयुष्मान भारतच्या पॅकेजमध्ये सुटीनंतरचे १५ दिवस धरलेले आहेत. गुडघ्याचे टाके निघतात ते साधारण बाराव्या-चौदाव्या दिवशी. म्हणजे टाके निघून पाय मोकळेपणानं वाकवायची वेळ येते, तेव्हाच योजना हात काढून घेते. ऑक्टोबर २०२४पासून सत्तरीच्या वरच्या प्रत्येकाला, उत्पन्न न बघता, या योजनेत घेतलं आहे. गुडघ्याचे पेशंट वयानं याच बाजूला जास्त. त्यांच्यासाठी १५ दिवसांचे ४२ दिवस करा आणि त्यात किमान दहा-बारा फिजिओ-भेटी लिहून टाका. भुलीत गुडघा वाकवण्यासाठी पुन्हा दाखल करावं लागणाऱ्या एका पेशंटचा खर्च धरला, तर हा आकडा सरकारलाही जड जाऊ नये. खासगी विम्यातही हाच गोंधळ आहे. दाखल असतानाची फिजिओथेरपी बिलात बसते, घरच्या भेटीसाठी मात्र चिठ्ठी, शिक्का, पावती आणि मग 'बसत नाही' असं उत्तर आमच्या ओळखीच्या दोघांना मिळालं. कंपन्या लवकर सुटीनं होणारी बचत घेतात, तर त्या बचतीतला वाटा पेशंटच्या गुडघ्यापर्यंत आला पाहिजे.

माणसं कुठून आणायची, असं विचारलं जाईल. तरतूद नाही असं मुळीच नाही. ज्येष्ठांच्या आरोग्यासाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११मध्ये सुरू झाला. त्यात जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपीची सोय, आणि आपल्याकडे ज्याला ग्रामीण रुग्णालय म्हणतात त्या पातळीवर पुनर्वसन कार्यकर्ता, हे लिहून ठेवलेलं आहे. तो कार्यकर्ता प्रत्येक तालुक्यात प्रत्यक्ष दिसला पाहिजे, एवढीच मागणी आहे. कराडला कृष्णा विद्यापीठात फिजिओथेरपीचं मोठं महाविद्यालय आहे, सांगली-मिरजेच्या परिसरातही या विषयाचं शिक्षण मिळतं. या अभ्यासक्रमात इंटर्नशिप असते. तिचे दोन महिने जत, आटपाडी, माण, पाटणच्या ग्रामीण रुग्णालयांत काढायला लावले तर मुलांना जमिनीवर बसणाऱ्या पेशंटचा गुडघा कळेल आणि पेशंटला वाकवणारा हात मिळेल. गावातल्या उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी असतात, दारोदार जाणाऱ्या आशाताई असतात. त्यांना व्यायाम शिकवायला सांगावं असं मी म्हणणार नाही, त्यांच्या डोक्यावर आधीच पुष्कळ आहे. पण पोटरी सुजून दुखायला लागली, जखमेतून पाणी येऊ लागलं, ताप भरला, तर तासाभरात कोणाला फोन करायचा, एवढं तरी त्यांच्याकडे लिहिलेलं असावं. पोटरीत गुठळी झालेली असताना घरच्यांनी ओवा घातलेलं कोमट तेल चोळलं तर काय होऊ शकतं, हे वाचकांनी डॉक्टरांना विचारावं. आपल्याकडे पाय सुजला की पहिला हात तेलाच्या बाटलीकडेच जातो.

मिरजेच्या डॉक्टरांवर मी हे ढकलत नाही. १८९४ साली विल्यम वॉन्लेस यांनी तिथं दवाखाना सुरू केला तेव्हापासून सव्वाशेहून अधिक वर्षं हे गाव दक्षिण महाराष्ट्राचं आणि उत्तर कर्नाटकाचं दुखणं ऐकत आलं आहे. सकाळी बेळगाव, विजापूर भागातून येऊन उतरणारे पेशंट बघितले की त्या गावाबद्दल आदर वाटतो. पण लांबून पेशंट येणं हा ज्या गावाचा मान आहे, त्या गावानं लांब परत जाणाऱ्या पेशंटचा विचार सगळ्यात आधी करायला हवा. आणि इथं एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. गुडघा बदलणं हे काही अपघातासारखं अवचित येत नाही. लोक तारीख ठरवून येतात, ऊस गेल्यावर, यात्रा झाल्यावर, पोरीचं लग्न उरकल्यावर. हाताशी महिना-दोन महिने असतात. त्या काळात व्यायाम आधीच शिकवता येतो, सोबत राहणाऱ्या माणसाला मराठीत किंवा कानडीत समजावता येतं, मोबाइलवर चार चित्रफिती देता येतात, कमोडची खुर्ची भाड्यानं आणून ठेवता येते, मोरीत धरायला दांडी बसवता येते. आणि ज्याच्या घरी यातलं काहीच होणार नाही, त्याला चौथ्या दिवशी घरी न पाठवता आणखी आठ दिवस मिरजेतच, दवाखान्याजवळच्या एखाद्या साध्या खोलीत ठेवून रोज फिजिओकडे आणता येतं. सगळ्यांना एकच दिवस लावायची गरज नाही. सहकारी बाईंना तिसरा दिवस योग्य होता, मावशीला नव्हता.

डॉक्टर म्हणतात, पेशंट स्वतःच घाई करतात, खोलीचं भाडं वाढतं म्हणून सुटी मागतात. खरं आहे. आमच्याच काकांनी दुसऱ्या दिवसापासून सुटीचा धोशा लावला होता, घरी म्हैस होती. पण भाड्याला घाबरून सुटी मागणारा माणूस वैद्यकीय निर्णय घेत नसतो. पॅकेजच सहा आठवड्यांचं असेल तर ही घाई निम्म्यानं कमी होईल, असं मला वाटतं. दवाखान्यालाही मग गुडघा किती दिवसांत घरी गेला याच्याऐवजी सहाव्या आठवड्यात किती वाकला, हे मोजावं लागेल. आज हा आकडा प्रत्येक पेशंटच्या कागदावर लिहिला जातो का, आणि लिहिला तर कोणी एकत्र करून बघतं का? मुंबई-पुण्याच्या मोठ्या दवाखान्यांच्या जाहिरातींत 'दुसऱ्या दिवशी चालते' असं मोठ्या अक्षरांत असतं. चाळिसाव्या दिवशीचं मी कुठं वाचलेलं नाही.

मावशीचा डावा गुडघाही आता बदलायला झालाय. वर्षभर ती 'नको' म्हणत होती. रात्री पाय पोटाशी घेऊन बसायची, पण मिरजेचं नाव काढू द्यायची नाही. गेल्या महिन्यात तिचा मुलगा कोइमतूरहून आला, तो दिवाळीनंतर दीड महिना गावी राहणार असं ठरलं. आटपाडीतल्या एका तरुण फिजिओताईशी मी बोलून ठेवलं आहे, ती आठवड्यातून तीनदा स्कूटीवरून येईल. परवा मावशीचा फोन आला. डॉक्टरांना दाखवायला जाण्याआधी तिनं काकांकडून घराचं माप काढून घेतलं होतं आणि मला ते कागदावर लिहून घ्यायला सांगितलं. पुढच्या ओट्याला पायऱ्या तीन, मधली अकरा इंच. मोरीचा उंबरा सात इंच. परसातल्या संडासापर्यंत चोवीस पावलं, वाटेत एक दगड हलतो.